कमानीवरचं नाव

प्रिय मित्रा,

इलायचीची कंपनी आपल्या मंडळाला उत्सवाच्या कमानीसाठी एकरकमी पैसे देतेय, घ्यावेत का, असं तू विचारलंस. घेऊ नका. कारण नीट सांगतो, कार्यकारिणीत ते तुलाच मांडायचंय.

मी अध्यक्ष असताना आम्ही पानमसाल्याच्या कंपनीकडून असेच पैसे घेतले होते. त्याच वर्षी मांडवात तोंडाच्या कॅन्सरची तपासणी ठेवली. रिक्षावाले, हमाल रांगेत उभे, आणि रांग त्याच कमानीखालून. एका तरण्या हमालाला डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला सांगितलं, तर दोन बोटंही आत जाईनात. सुपारीनं गाल आतून कडक होतात, तसं झालं होतं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त कमानीकडे एकदा पाहिलं. संध्याकाळच्या भाषणात गुटख्यावर बोलायचं मी लिहून नेलं होतं. ते वाचलं नाही. गप्प राहा असं मला कुणीही सांगितलं नव्हतं रे. माझीच जीभ उचलली नाही.

'पुडीत तंबाखू नाही, कायद्यात बसतं,' असं कुणीतरी म्हणेलच. पण त्याच नावाचा गुटखा आपल्या राज्यात २०१२ पासून बंद आहे. पोराच्या डोक्यात इलायची राहत नाही, नाव राहतं. तंबाखूची अशी आडून केलेली जाहिरात २००३ च्या कायद्यालाही मान्य नाही.

तू एकट्यानं नाही म्हणून भागणार नाही. सचिन तेंडुलकरनं वडिलांना शब्द दिला होता, तंबाखूची जाहिरात त्यानं कधी केली नाही. तरी नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या शर्टावर सिगारेटचं नाव होतंच, कारण तो करार क्रिकेट मंडळाचा होता. म्हणून ठराव आपल्या मंडळाचा करून घे, आणि वर्गणीची पावतीपुस्तकं छापण्याआधी. एकदा पैसे समोर आले की माणसं हिशोब करायला लागतात. इतरांच्या बाबतीतही, बिल्डर असो की कारखाना, एवढंच विचारा: यांच्याविरुद्ध उद्या गल्लीतलं कुणी तक्रार घेऊन आलं, तर आपण त्याच्या बाजूनं उभे राहू शकू का?

देखावा लहान होईल, पोरं नाराज होतील. होऊ देत. कंपनीच्या माणसाशी मात्र नीट बोल, चहा पाज. तो बिचारा नोकरी करतोय.

रविवारी घरी ये. जुनी इतिवृत्ताची वही काढून ठेवतो. ठराव कसा लिहायचा ते दाखवतो. त्या भाषणाचा कागदही तिच्यातच आहे, हवा तर यंदा तू वाच.

तुझा,
काका