‘तू गेलास तरी आमचं काही अडणार नाही’

नाशिकच्या सातपूर भागातून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत. त्यातलं महत्त्वाचं तेवढं देते:

‘ताई, मुलगा अकरा वर्षांचा आहे. जन्मल्यावर रडला नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नाही. बसत नाही, बोलत नाही, अधूनमधून फिट्स येतात. बायकोनं बँकेतली नोकरी सोडली. ती त्याच्यापाशी झोपते, मी हॉलमध्ये; तीन वर्षं झाली. औषध आणि किराणा सोडून आमचं बोलणं नाही. माझी आई म्हणते, दोष सुनेच्या घराण्यात आहे. मागच्या महिन्यात मी त्याला पोहे भरवले, जोरात ठसका लागला, ओठ निळे पडले. तेव्हापासून ती मला त्याला हात लावू देत नाही. मी ओव्हरटाइम घेतो. परवा भांडणात म्हणाली, तू गेलास तरी आमचं काही अडणार नाही. मी वेगळं राहू का? पैसे वेळेवर देत जाईन.’

भाऊ, शेवटापासून सुरुवात करते. पैसे तुम्ही आत्ताही वेळेवर देताय आणि राहताय तेही जवळजवळ वेगळेच. बाहेर पडून बदलेल तो फक्त पत्ता.

ओव्हरटाइमची गरज मला कळते. फिजिओथेरपी, फिट्सची औषधं, डायपर, पायाला आधार देणारे स्प्लिंट दरवर्षी तोकडे होणार, हे सगळं पगारातून निघत नाही. पण त्यातले किती तास पैशासाठी आणि किती घरी जायला नको म्हणून, ते तुमचं तुम्हाला ठाऊक.

तिचं ते वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. तुम्हाला त्यात तिरस्कार दिसला, मला हिशेब दिसला. अकरा वर्षांत तिनं तुमच्यावाचून घर चालवायची सवय लावून घेतली, कारण घर तसंच चालवावं लागलं. जे मूल स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस रात्री कुणीतरी बदलते. ती किती वेळा उठते, कधी मोजलंत? पत्रात तिच्या रागाबद्दल भरपूर आहे, तिच्या झोपेबद्दल एक अक्षर नाही. अकरा वर्षं सलग न झोपलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा मी तरी करणार नाही.

ती चुकत नाही असं नव्हे. ठसका लागला म्हणून बापाला मुलापासून लांब ठेवणं चूकच. उद्या ती तापानं फणफणली, तर त्याला कोण भरवणार? पण तिची भीती खोटी नाही. अशा मुलांना गिळणं अवघड जातं, घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. पोह्यांसारखा सुटा, मोकळा पदार्थ तर फारच वाईट. तुम्हाला हे माहीत नव्हतं, कारण भरवणं कुठल्याच वर्षी तुमचं काम नव्हतं.

म्हणून आधी बोलायला बसू नका. ‘आपण जरा बोलूया का’ म्हणालात, तर ती घड्याळाकडे बघेल. आधी शिका. थेरपीच्या पुढच्या वेळेला शिफ्ट बदलून स्वतः जा आणि थेरपिस्टला सांगा, मला भरवायला शिकवा. पाठ सरळ कशी ठेवायची, मान मागे न जाता हनुवटी किंचित खाली कशी राहते, घास केवढा, खाणं किती मऊ, जेवणानंतर त्याला लगेच आडवं का करायचं नाही. फिटचंही तसंच. कुशीवर वळवायचं, घड्याळ बघायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, नाकाशी कांदा धरायचा नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना. हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं.

आणि ‘मी मदत करतो’ हा शब्द घरात काढू नका. मदत शेजारी करतात.

आईशी बोलायचं काम तुमचंच. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाच्या मेंदूला इजा झाली असेल, तर त्यात सुनेच्या घराण्याचा काय दोष? बहुतेक सेरेब्रल पाल्सी पिढीजात नसते. हवं तर आईला एकदा डॉक्टरांपुढे बसवा. पण हे तुम्ही, बायकोच्या देखत, एकदा तरी ठणकावून सांगितलंय का? नसेल, तर ती गेली अकरा वर्षं तुमच्या गप्प राहण्याचंही ओझं वाहतेय.

कागदपत्रं तुमच्याकडे घ्या. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना सेरेब्रल पाल्सीला लागू आहे, संरक्षण 1 लाख रुपयांपर्यंत. तो अठरा वर्षांचा झाला की कायद्यानं सज्ञान होईल; पालकत्वासाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. सात वर्षं आहेत, पण ‘आपल्या पश्चात काय’ हा प्रश्न तिला रात्री दोनला पडतो, एकटीला. त्यावर एक फाइल उघडलीत तरी तिला कळेल की तो तुम्हालाही पडतो.

ती सतत रडत असेल, जगायला नको म्हणत असेल, किंवा हे तुमच्याच मनात येत असेल, तर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

वेगळं राहायचं की नाही, ते सहा महिन्यांनी विचारा. तोवर आठवड्यातल्या दोन रात्री तुमच्या. मंगळवार आणि शनिवार म्हणा, दुसऱ्या दिवशीची शिफ्ट बघून ठरवा. तुम्ही त्याच्यापाशी, ती हॉलमध्ये. भरवायचं शिकून, तिच्यासमोर चार-पाच वेळा भरवून दाखवल्यावरच हे सुचवा, नाहीतर ती ऐकणार नाही आणि बरोबरच करेल.

पहिल्या मंगळवारी ती झोपणार नाही. दारात येऊन उभी राहील, ‘उशी नीट लाव’ म्हणेल. उशी नीट लावा. उलट उत्तर देऊ नका.