गाजर-लेट्यूस पहिल्यांदाच लावताय? एवढं सांभाळा

ताई, गच्चीवर गाजर आणि लेट्यूस लावायचं ठरवलंत, छान केलंत. पुण्यात ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ दोन्हींना मानवतो.

गाजराचं रोप करून दुसरीकडे लावू नका. बहुतेक नवखे इथेच चुकतात. मूळ दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. बी थेट जागेवरच, अर्धा इंच खोल पेरा. कुंडी किमान फूटभर खोल हवी. आपली काळी माती नुसती वापरू नका, सुकली की दगड होते. तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं खत मिसळा, खडे वेचून काढा. ताजं शेण अजिबात नको.

उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात. आठव्या दिवशी "बी खराब निघालं" म्हणून माती उकरू नका! वर ओलं गोणपाट टाका, कोंब दिसताच काढा. मग विरळणी: दोन रोपांत दोन इंच ठेवून बाकीची उपटा. जीवावर येतं, माहीत आहे, पण नाही केलंत तर नुसता पाला मिळेल.

लेट्यूस सोपं आहे:
- बी मातीवर भुरभुरवा, खोल पुरू नका. त्याला उजेड लागतो.
- दुपारच्या उन्हापासून जपा.
- बाहेरची पानं खुडत राहा, आतून नवी येतात.
- मार्चच्या उन्हात तुरा येऊन पानं कडू होतात, त्याआधी संपवा.

द्रवखतं, फवारण्या सध्या राहू द्या. एक कुंडी गाजराची, एक लेट्यूसची, याच आठवड्यात सुरू करा.