प्रेग्नन्सी किटवर दोन रेघा आल्यात, एक फिकट आहे. आता पहिलं काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीत भाड्यानं राहता, घरात दोघंच, पाळी चुकून आठवडा झालाय. आणि सासूबाईंचा फोन आलाय, "तीन महिने कुठं बोलू नका, दवाखान्याचं नंतर बघू."

मी डॉक्टर नाही. कसबा बावड्यात राहते, दोन पोरांची आई आहे. माझ्या सासूबाईही हेच म्हणाल्या होत्या, "लोकास्नी सांगायची घाई करू नगं." पाहुण्यांच्या बाबतीत त्यांचं ऐका, खुशाल. पण डॉक्टर आणि आशाताई त्या 'लोकां'त येत नाहीत. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सहाव्या आठवड्यापर्यंत मिटलेली असते. तुमचा पाचवा संपलाय. तीन महिने गप्प बसून मग दवाखाना गाठला, तर तो काळ निघून गेलेला असतो.

फिकट रेघही रेघच. शंका असेल तर दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा बघा. पण ती नळी नीट मिटायला लागणारी फोलिक ॲसिडची गोळी आजच आणा, रोज 400 मायक्रोग्रॅम. आपल्याकडं दुकानदार बरेचदा 5 मिलिग्रॅमची पट्टी पुढं करतो. तो डोस बाराएक पट आहे आणि डॉक्टरांनी सांगितला तरच घ्यायचा. शुगर असेल, फिट्सची औषधं चालू असतील, किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर डॉक्टर तो देतात. थायरॉइडची किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर मनानं बंद करू नका, आजच फोन करून विचारा. थायरॉइडचा डोस तर बहुतेक वेळा वाढवावाच लागतो. अंगदुखीची गोळी मात्र न विचारता नको. पिंपल्ससाठी कॅप्सूल चालू असेल तर ती थांबवा आणि डॉक्टरांना नाव सांगा. मुलगा व्हावा म्हणून कुणी पुडी दिली, तर सरळ गटारात.

कालनिर्णयावर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाला गोल करा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. 3 मार्चला पाळी आली असेल तर 10 डिसेंबर.

सोनोग्राफीची मात्र घाई करू नका. हे मी भोगलंय. पहिल्या वेळी पाच आठवड्यांतच जाऊन पडले टेबलावर. नुसती पिशवी दिसली, ठोके नाहीत. करणाऱ्यानं मान हलवून "बघूया" एवढंच म्हटलं आणि मी पुढचे दहा दिवस रडून काढले. एवढ्या लवकर ठोके दिसतच नाहीत, हे कुणी सांगितलंच नाही. सातव्या-आठव्या आठवड्यात गेले तेव्हा टिकटिक चालू होती. तुमच्या डॉक्टरांनी आधी बोलावलं तर जा, नाहीतर तेवढं थांबा. दुसरी सोनोग्राफी 11 ते 13 आठवड्यांत, ती चुकवू नका.

दरम्यान रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, गट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ 'ब'. गट निगेटिव्ह निघाला तर नवऱ्याचाही बघतात.

प्रसूती खासगीत करायची ठरवली तरी 12 आठवड्यांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. भागातल्या आशाताई मदत करतात. निकषांत बसत असाल तर मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला 5000 रुपयेही याच नोंदीवर मिळतात.

आता आपल्या कोल्हापूरचं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सध्या बंद. म्हशीसमोर उभं राहून ग्लास लावायची सवय माझीही होती, पण कच्च्या दुधातून येणारा जंतुसंसर्ग पोटातल्या बाळापर्यंत जातो. घरी उकळून प्या. "काळीज खा, रक्त वाढतं" असं कुणीतरी म्हणणारच. काळजात अ जीवनसत्त्व फार असतं, या महिन्यांत नकोच. आणि मिश्री लावत असाल (लाजू नका, आमच्या गल्लीत निम्म्या बायका लावतात) तर डबी फेकून द्या. तो तंबाखूच आहे.

मळमळ बहुतेकींना होते, सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच कोरडा टोस्ट खाऊन बघा. पाणीसुद्धा ठरेना, लघवी कमी आणि गडद व्हायला लागली, तर दवाखाना. आणि अंगावरून रक्त जाणं, पोटात एका बाजूला जोराची कळ, खांदा दुखणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिला असेल तर जिवावर बेततं. दोघंच राहता, म्हणून 108 नवऱ्याच्याही फोनमध्ये घालून ठेवा.

रविवारचा पांढरा रस्सा चालतो का, हेही विचारलंय तुम्ही. चालतो की! मटण नीट शिजलेलं हवं, आणि वास सहन झाला पाहिजे. मला दोन्ही वेळेला नव्हता झाला.