दोऱ्याने मोजा अमेरिका

प्रश्न : माझी लेक न्यूयॉर्कला असते. नातवाच्या नकाशात मी मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा, मग समुद्र अशी गेली. लेक मात्र म्हणते, विमान पार वर स्वीडनकडून गेलं. उगाच वळसा का? आणि तिकिटावर मुंबईहून रात्री दोनला निघून त्याच दिवशी सकाळी आठला पोहोच लिहिलंय. सहा तासांत अमेरिका?
— एक आजी, सेलू

उत्तर : आजी, वळसा विमान घेत नाही, तुमची पट्टी घेते. एक मोसंबी सोला आणि सबंध साल पाटावर दाबून सपाट करा. फाटते ना? नकाशात ती फाटू नये म्हणून उत्तरेकडचा मुलूख ताणून रुंद केलेला असतो. तिथली वाट लांब दिसते, असते जवळची.

म्हणून पट्टी सोडा, शिवणाचा दोरा घ्या. भूगोल शिकवून निवृत्त झालो तरी माझा पृथ्वीगोल घरात आहे. नात त्यावर बसल्यापासून आफ्रिकेला पोचा आलाय, पण काम भागतं. त्याचा घेर भरला ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर, म्हणजे एका सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. मुंबईवर एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरं, आणि दोरा ताणला की तो आपसूक वर सरकतो. त्याचा मध्य बरोबर स्वीडनच्या किनाऱ्याजवळ आला! लांबी साडेएकोणतीस सेंटिमीटर, म्हणजे अंदाजे १२,५०० किलोमीटर. विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. वारा असतो, एखादा देश आपली हवाई हद्द बंद ठेवतो, मग खरोखरच वळसा पडतो.

आता वेळ. मोठं विमान ताशी साडेआठशे ते नऊशे किलोमीटरने जातं. साडेआठशेने भागा, चढ-उताराचा अर्धा तास धरा, पंधरा तासांच्या वरच येतं. तिकिटावरची आठची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाची आहे. उन्हाळ्यात ते आपल्या साडेनऊ तास मागे. सहा अधिक साडेनऊ, साडेपंधरा तास. जुळलं की नाही?

परतीला मात्र वेळ कमी लागतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. वैशाखात सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको. सेलू ते मुंबईची देवगिरी एक्सप्रेसमधली रात्र मात्र या हिशेबात नाही हं, ती वेगळी धरा.

आणि एक. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, फरक साडेदहाचा होतो. दुपारी चारला फोन लावायची सवय असेल, तर तिकडे साडेसहाऐवजी साडेपाच वाजलेले असतील.