नगरी एक, जागा अनेक

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून नुकताच पत्नीसह चीनची सहल करून आलो. शीआन येथील शान्शी इतिहास संग्रहालयाची तिन्ही दालने आमच्या मार्गदर्शकाने दीड तासात उरकली. झोऊ, छिन, हान, सुई, तांग असे राजवटींचे विभाग ओळीने मांडलेले आहेत. मात्र हाओ, श्यानयांग, चांगआन, दाशिंग आणि शीआन ही एकाच शहराची नावे आहेत की निरनिराळ्या शहरांची, याचा उलगडा झाला नाही. शिवाय तांगकाळापर्यंत वैभवाची एवढी रेलचेल दाखवणारे हे संग्रहालय पुढच्या हजार वर्षांची बोळवण एका विभागात का करते?
— एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : आपला गोंधळ होणे स्वाभाविक आहे, आणि त्याचा दोष एकट्या मार्गदर्शकाला देता येणार नाही. दालने काळाच्या क्रमाने मांडली की एका जागी उभे असलेले शहर आणि त्यावरून सरकत गेलेल्या राजवटी असे चित्र डोळ्यांपुढे येते. सोलापूरच्या बाबतीत ते चालून जाते, कारण भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव शेजारी शेजारीच आहेत. शीआनच्या बाबतीत मात्र राजवट बदलली की राजधानीची जागाही बहुधा बदललेली आहे.

पश्चिम झोऊ राजांची फंग आणि हाओ ही जुळी नगरे आजच्या शहराच्या नैर्ऋत्येला, फंग नदीच्या दोन्ही काठांवर होती. छिन राज्याने इसवी सनपूर्व ३५० मध्ये श्यानयांग ही राजधानी वसवली, ती उत्तरेला वेई नदीकाठी. ती इसवी सनपूर्व २०६ मध्ये जाळली गेली. त्यानंतर हान सम्राटांनी उभारलेले चांगआन आजच्या शहराच्या वायव्येला होते. सुमारे आठ शतकांच्या वस्तीनंतर तेथील पाणी मचूळ झाल्याची तक्रार जुन्या चिनी इतिहासग्रंथात नोंदलेली आहे. विहिरींचे पाणी कशाने बिघडते हे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. सुई सम्राटाने ५८२ मध्ये जुन्या शहराच्या आग्नेयेला दाशिंग हे कोरे शहर आखून घेतले, आणि तांग राजांनी त्यालाच पुन्हा चांगआन म्हटले. म्हणजे चांगआन या एका नावाखाली दोन वेगळ्या जागा येतात. आपली गाडी बहुधा येथेच अडली असावी.

याच दुसऱ्या चांगआनातून ह्युएनत्संग भारताकडे निघाला, महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करून गेला आणि ६४५ मध्ये पोथ्या व मूर्ती घेऊन परतला. त्या पोथ्या ठेवण्यासाठी ६५२ मध्ये उभारलेला मोठा हंस पॅगोडा संग्रहालयापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे.

आता पुढच्या हजार वर्षांविषयी. ९०४ मध्ये एका सेनापतीने सम्राटाला लोयांगला हलवले आणि चांगआनचे वाडे व घरे उतरवून त्यांची लाकडे नदीतून खाली वाहून नेली. मागे उरलेल्या भागात एक आटोपशीर शहर राहिले. तांगकाळातील तटाचा घेर सुमारे ३७ किलोमीटर होता. आज पर्यटक ज्या तटावर सायकल चालवतात तो मिंग राजवटीने १३७० च्या दशकात बांधलेला असून त्याचा घेर जेमतेम १४ किलोमीटर आहे. शीआन हे नावही मिंगांनी १३६९ मध्ये दिलेले आहे. राजधानीचा मान गेल्यावर राजघराण्याच्या कबरी आणि सोन्यारुप्याची भांडीही तेथून गेली, आणि संग्रहालय तर जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरच चालते. तरीही ही मांडणी मला काहीशी एकांगी वाटते. शहर त्या हजार वर्षांत ओस पडले नव्हते. बाजार भरत होते, मशिदीत नमाज होत होती. राजा नसलेले शहर दाखवण्यात संग्रहालयांना रस कमी असतो, एवढेच.

आपल्या नजरेतून बहुधा निसटलेली एक गोष्ट सांगतो. १९७० मध्ये शीआनच्या हज्यात्सुन भागात दोन मातीचे रांजण आणि एक चांदीचे मडके सापडले, त्यांत हजाराहून अधिक वस्तू भरलेल्या होत्या. चांदीच्या काही डब्यांवर आतील औषधांची नावे आणि वजने शाईने लिहिलेली आहेत, घरातल्या फडताळातील डब्यांवर आपण चिठ्ठ्या चिकटवतो तशी. त्याच ठेव्यात इराणी, रोमी आणि जपानी नाणी एकत्र आहेत. तांगकाळी या शहरात कोठकोठला माल आणि पैसा येत होता हे त्या नाण्यांवरून जेवढे कळते, तेवढे भिंतीवरील नकाशावरून कळत नाही.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या माग आहेत. त्याच संग्रहालयात सोन्याची रेशीम अळी असल्याचे पुतण्याने सांगितले. ती खरोखर सोन्याची आहे काय?
— एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : नाही. ती काशाची असून तिच्यावर सोन्याचा मुलामा आहे. हानकाळातील ही अळी १९८४ मध्ये शान्शी प्रांताच्या दक्षिणेकडील शृछ्वान येथे सापडली. संग्रहालय शहराचे नसून प्रांताचे असल्यामुळे अशा दूरच्या वस्तूही तेथे येतात. तिची लांबी ५.६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण करंगळीएवढी आहे. ज्याने ती घडवली त्याने अळ्या जवळून पाहिल्या असाव्यात, कारण अंगावरची वळी नीट मोजून घेतलेली आहेत आणि धागा सोडायच्या वेळी अळी डोके उचलते तसे डोके वर उचललेले आहे. पुतण्याकडे फोटो असल्यास तुतीची लागवड करणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याला अवश्य दाखवावा.