मनावरच्या आघाताचे मोजमाप

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये माझे सासरे कोरोनाने गेले. अंत्यदर्शनही झाले नाही. अलीकडे इंटरनेटवर २२ प्रश्नांची एक चाचणी सोडवली; ४१ गुण आले आणि ‘तीव्र परिणाम’ असा शेरा मिळाला. तो खरा मानावा का? – एक वाचक, सातारा

उत्तर : वर्णनावरून ही ‘इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल’ची १९९७ मधील सुधारित आवृत्ती दिसते. ‘त्या विषयावर बोलणे टाळले’, ‘मध्येच झोपमोड झाली’, ‘चटकन दचकायला झाले’ अशा विधानांना मागच्या सात दिवसांच्या अनुभवावरून शून्य ते चार गुण द्यायचे असतात. एकूण गुण ८८. ३३ पासून काळजीचा टप्पा धरतात आणि ३७ च्या पुढे गेले की ‘तीव्र’ म्हणण्याची पद्धत आहे. म्हणजे तुमचे ४१ गुण त्या एका आठवड्याचे आहेत. वर्षश्राद्ध किंवा घरातले आजारपण त्याच आठवड्यात आले असेल, तर आकडा सहज वर जातो.

साथीच्या काळात गाजलेल्या टक्केवारीकडेही याच नजरेने पाहावे. जानेवारी २०२० च्या अखेरीस चीनमधील १९४ शहरांतल्या १,२१० जणांनी हीच प्रश्नावली ऑनलाइन भरली, तेव्हा ५३.८ टक्के लोकांवर मध्यम किंवा तीव्र परिणाम आढळला. परंतु ओळखीओळखीतून पोहोचलेली आणि ज्यांना भरावीशी वाटली त्यांनीच भरलेली ती प्रश्नावली होती. शिवाय बहुतेकांच्या बाबतीत ‘घटना’ म्हणजे साथीची बातमी आणि घरात अडकून पडणे एवढीच होती. आघातोत्तर ताणविकाराच्या निदानासाठी मात्र मृत्यू, गंभीर इजा, लैंगिक अत्याचार किंवा जीवघेणा प्रसंग यांच्याशी थेट गाठ पडलेली असावी लागते, अथवा जवळच्या माणसाचा हिंसक किंवा अपघाती मृत्यू कानावर आलेला असावा लागतो. भीती आणि आघात एकाच मापाने मोजले गेले, हा त्या वेळच्या अनेक सर्वेक्षणांतला मोठा दोष म्हणावा लागेल.

तुमच्या बाबतीत तर वेगळीच शक्यता तपासायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत लांबलेल्या शोकाचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे : गेलेल्या माणसाची ओढ किंवा त्याचेच विचार सहा महिन्यांहून अधिक काळ पाठ सोडत नाहीत आणि घरातली, कामावरची घडी विस्कटलेली राहते. ही प्रश्नावली तो विकार मोजण्यासाठी नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष बोलून निदान करतात. लगेच भेट शक्य नसेल, तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.