छातीवर कोणी बसते, म्हणून घर बदलावे का?

सोलापूरच्या साखर पेठेत भाड्याने राहणाऱ्या आणि टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांचे वय ३४ असून त्यांना एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी असते. झोपेतून जाग येते, डोळे उघडतात, खोली दिसते, परंतु हातपाय हलत नाहीत आणि तोंडातून आवाज फुटत नाही. दाराशी कोणीतरी उभे असल्याचे जाणवते आणि मग ते छातीवर येऊन बसते, असे ते लिहितात. त्याच घरात त्यांचा ६ वर्षांचा मुलगा रात्री किंचाळत उठतो आणि त्या वेळी आईलाही ओळखत नाही. त्या खोलीत पूर्वी एक म्हातारी वारली होती, असे शेजाऱ्यांकडून कळल्यापासून त्यांच्या आईंनी बापलेकांना अमावास्येला देवऋषीकडे न्यायचे ठरवले आहे. घर बदलावे का आणि बाप्यामाणसाने असली भीती कोणाला सांगावी, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार,

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याला फार शब्द लागत नाहीत. ही भीती आपण पत्नीला आणि डॉक्टरांना निःसंकोच सांगावी. जाग येऊनही शरीर न हलण्याचा हा अनुभव साधारण १०० माणसांपैकी ७-८ जणांना आयुष्यात एकदा तरी येतो. तेव्हा आपल्या कारखान्यातही तो कोणाला ना कोणाला आलेला असेल. आपल्याप्रमाणेच तेही गप्प बसले असतील, इतकेच.

आता घराविषयी. मी डॉक्टर नाही, पण आपले पत्र मी दोनदा वाचले आणि त्यातल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या. आपल्याला हा त्रास पहाटे, किंवा रात्रपाळी संपवून सकाळी झोपल्यावर होतो, आणि पाळी बदलली की पहिल्या एक-दोन दिवसांत हमखास होतो. मुलाचे किंचाळणे मात्र नेहमी झोप लागल्यानंतर तास-दीड तासात होते आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. तिसरी गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात: दिवाळीत तुळजापूरला सासुरवाडीला गेलात, तेव्हाही एका पहाटे असेच झाले. साखर पेठेतली म्हातारी तुळजापूरला कशाला येईल?

आपल्या घरात एकच बाधा नसून झोपेचे दोन वेगवेगळे प्रकार आहेत. आपला प्रकार स्लीप पॅरालिसिस म्हणून ओळखला जातो. नाव दचकवणारे असले तरी लकव्याशी त्याचा काही संबंध नाही. झोपेच्या ज्या अवस्थेत स्वप्ने रंगतात, त्या रेम अवस्थेत मेंदू शरीराचे स्नायू सैल सोडून देतो, जेणेकरून स्वप्नात पळणारा माणूस अंथरुणात पळू लागू नये. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा मात्र चालू राहतो. कधी कधी स्नायूंवरचा हा अंमल उतरण्याआधीच मन जागे होते. मागाची मोटार चालू झाली, पण माग अजून सुटला नाही, असे काहीसे ते असते. छातीचे सहायक स्नायू सैल असल्यामुळे मनासारखा खोल श्वास घेता येत नाही, त्यामुळे छातीवर ओझे वाटते, आणि अर्धवट उरलेले स्वप्न त्या ओझ्याला चेहरा देते. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरचे लोकही पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले की, एक म्हातारी येऊन छातीवर बसते. त्यांनी तर सोलापूर पाहिलेलेही नाही. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत हे आपोआप सुटते आणि त्याने जीव जात नाही.

मुलाचा प्रकार याच्या उलट, म्हणजे स्वप्नविरहित गाढ झोपेतला आहे. त्याला नाइट टेरर म्हणतात. मूल उठून बसते, डोळे उघडे असतात, घाम फुटतो, छाती धडधडते, पण मूल जागे झालेले नसते. म्हणूनच ते आईला ओळखत नाही. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो आणि मूल काही मिनिटांत पुन्हा शांत झोपी जाते.

हा फरक मी इतका लांबवून सांगते आहे, कारण आपल्या घरात सध्या नेमके उलटे उपाय चालले आहेत. मुलगा ओरडला की सगळे मिळून त्याला गदगदा हलवता, तोंडावर पाणी मारता. आणि आपला श्वास जलद चाललेला, पापण्या थरथरताना पत्नीला दिसत असूनही 'त्या वेळी हात लावू नये' असे सासूबाईंनी बजावल्यामुळे ती बिचारी कोपऱ्यात उभी राहते. यापुढे मुलाला उठवू नये, धरून ठेवू नये. जवळ बसून तो पडणार किंवा कुठे आपटणार नाही एवढे पाहावे आणि सकाळी त्याच्यासमोर त्याची चर्चा करू नये. आपल्याला मात्र पत्नीने अवश्य हाक मारावी आणि खांद्याला हात लावावा, कारण बाहेरचा स्पर्श किंवा आवाज मिळाला की बहुधा ही पकड सुटते. कोणी जवळ नसेल, तर उठण्याची धडपड न करता पायाचा अंगठा किंवा हाताचे एक बोट हलवण्यावर लक्ष ठेवावे.

मूळ उपाय झोपेचा आहे. अपुरी आणि सतत वेळ बदलणारी झोप या त्रासाला आमंत्रण देते, आणि पहाटेपासून सकाळपर्यंत रेम झोपेचा जोर अधिक असल्यामुळे रात्रपाळीनंतरची झोप त्यात चटकन सापडते. पाळी आठवड्याऐवजी महिन्याने बदलता येईल का, हे मुकादमांना विचारून पाहावे. नाही म्हणाले तर आपले काही जात नाही. पाळीच्या शेवटच्या दोन-तीन तासांत चहा आणि तंबाखूचा मावा बंद ठेवावा (मावा कायमचा सुटला तर मला अधिक आनंद होईल), खोलीत अंधार करून झोपावे आणि उताणे न झोपता कुशीवर झोपावे, कारण उताणे झोपणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. मुलगा आपली वाट पाहत साडेदहापर्यंत जागतो आणि शाळेसाठी सहाला उठतो, असे आपण लिहिता. या वयाला ९ ते १२ तास झोप लागते. त्याला नऊच्या आत झोपवावे. बापाची भेट सकाळी होईल.

आईंशी वाद घालू नये. लहानपणी आपणही झोपेत चालत होता आणि अंगारा लावल्यावर ते थांबले, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. झोपेत चालणे आणि नाइट टेरर बहुतेक मुलांत वयाबरोबर थांबतात आणि असा त्रास घराण्यात असतो. त्यांनी नातवाची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तर काढू द्यावी, फक्त मिरच्यांचा धूर मुलाच्या खोलीत नको. देवऋषीकडे मात्र जाऊ नये. तो छडीने 'झाडतो' असे आपणच लिहिले आहे, आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

त्याऐवजी एक दिवस शासकीय रुग्णालयात जावे. डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेल्या सिव्हिलमध्ये मुलाला बालरोग विभागात दाखवावे आणि किंचाळण्याच्या वेळचे मोबाईलवरचे चित्रीकरण बरोबर न्यावे. अंग ताठ होणे, हातपाय लयीत झटकणे, एका रात्रीत अनेकदा होणे किंवा झोपेत जोराने घोरणे यांपैकी काही असेल, तर मुळीच उशीर करू नये. आपल्याला दिवसा काम करताना अनावर डुलकी लागत असेल, किंवा हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. मनावरचा ताण बोलून दाखवायचा असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते.

म्हातारीच्या भीतीने नव्या घराचे डिपॉझिट भरू नये. आपल्या खोलीचे पत्र्याचे छप्पर हे कारण मात्र मला पटते, कारण सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखाली दिवसा झोपणे कोणालाच शक्य नाही. तेवढ्यासाठी स्लॅबची खोली मिळत असेल तर जरूर बघावी. आणि उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपायला जाल, तेव्हा कठडा उंच नसेल तर मुलाला त्याच्या आईसह खालीच झोपवावे, कारण अशी मुले झोपेतच उठून धावत सुटतात.